पौषातली पिल्लं

भाद्रपद आणि कुत्री यांची सांगड आपल्या बोलण्यात इतकी रुळली आहे की तिचा हिशेब कुणी मांडत नाही. मांडला तर तो चोख निघतो. कुत्रीचं गाभणपण साधारण ६३ दिवसांचं. भाद्रपदात माजावर आलेल्या कुत्र्या कार्तिकात, फार तर मार्गशीर्षाच्या सुरुवातीला वितात. सोसायटीच्या जिन्याखाली, बांधकामावरच्या वाळूच्या ढिगामागे, शेतातल्या कडब्याच्या गंजीत चार-सहा पिल्लं वळवळताना दिसू लागतात. पौष येईपर्यंत ती महिना-दोन महिन्यांची, कुणाच्याही पायात घुटमळणारी झालेली असतात. मुलं त्यांना शर्टात गुंडाळून घरी आणतात ती याच दिवसांत, आणि त्यांच्यातली कितीतरी दगावतात तीही याच दिवसांत.

कोलकात्याजवळच्या ‘आयसर’ या संशोधन संस्थेतल्या अनिंदिता भद्र यांच्या गटाने पश्चिम बंगालमधल्या भटक्या कुत्र्यांच्या ९५ वेतांचा पाठपुरावा केला. त्यांतल्या ३६४ पिल्लांपैकी वयात येईपर्यंत टिकली ती जेमतेम १९ टक्के. मेलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक माणसामुळे गेली, आणि बाकीच्यांच्या मरणात आजाराचा वाटा होताच. ‘देशी कुत्री काटक, त्यांना काही होत नाही’ असं ठामपणे सांगणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. रस्त्यावर धट्टीकट्टी दिसतात ती वाचलेली. जी गेली त्यांना मोजायला कुणी थांबलेलं नसतं.

दीड ते सहा महिन्यांच्या पिल्लाच्या आजारात पशुवैद्याच्या मनात पहिलं नाव येतं ते पार्व्होचं. हा रोग फार जुना नाही. १९७८ मध्ये तो जगात ठिकठिकाणी एकदम दिसला आणि दोनेक वर्षांत सगळ्या खंडांवर पोचला. एकाही कुत्र्याच्या अंगात त्याच्याविरुद्ध प्रतिकारशक्ती नव्हती. हा विषाणू मांजरांच्या पॅनल्युकोपेनिया नावाच्या आजाराच्या विषाणूचा इतका जवळचा नातलग आहे की कुत्र्यांची लस तयार होईपर्यंत मांजरांची लसच कुत्र्यांना टोचून काम भागवलं गेलं. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात लेलंड कार्मायकेल आणि मॅक्स अ‍ॅपेल यांनी विषाणू वेगळा करून लस बनवली. आज आपल्याकडे गल्लीतल्या दवाखान्यात मिळणाऱ्या ‘सेव्हन इन वन’, ‘नाइन इन वन’ लशींमध्ये पार्व्होचा घटक असतो तो त्या कामाच्या जोरावर.

विषाणू करतो काय, हे कळलं की लक्षणांचा क्रम आपोआप ध्यानात येतो. त्याला वाढायला भराभर दुभंगणाऱ्या पेशी लागतात. पिल्लाच्या शरीरात अशा पेशी प्रामुख्याने तीन ठिकाणी असतात: लसिका ग्रंथींत, हाडांच्या मगजात आणि लहान आतड्याच्या अस्तरात. आतड्याचं अस्तर टर्किश टॉवेलसारखं असतं, बारीक बारीक लवांनी भरलेलं. या लवा अन्न आणि पाणी शोषतात, दर थोड्या दिवसांनी झडतात आणि त्यांच्या मुळाशी तयार होणाऱ्या नव्या पेशी त्यांची जागा घेतात. विषाणू नेमकी ही मुळंच मारतो. जुन्या लवा झडून जातात, नव्या उगवत नाहीत, आतडं उघडं पडतं. पाणी शोषलं जात नाही, उलट शरीरातलं पाणी आणि रक्त बाहेर पाझरू लागतं. आतड्यातले एरवीचे निरुपद्रवी जिवाणू फाटलेल्या अस्तरातून रक्तात शिरतात. त्यांच्याशी लढायच्या पांढऱ्या पेशी ज्या मगजात तयार होतात, तो मगज विषाणूने आधीच बंद पाडलेला असतो. पार्व्होने दगावणारं पिल्लू बहुधा शरीरातलं पाणी संपून आणि रक्तात जिवाणू पसरून दगावतं.

विषाणू आधी ग्रंथींत आणि रक्तात, मग आतड्यात पोचतो. म्हणून जुलाब हे पहिलं लक्षण नसतं. लागण झाल्यापासून तीन ते सात दिवसांनी पिल्लू आधी नुसतं मलूल होतं. वाडग्याकडे जातं, हुंगतं, परत फिरतं. बोलावलं की शेपूट हलवतं पण उठत नाही. अंगात ताप असू शकतो. दुसऱ्या दिवशी उलट्या सुरू होतात, आधी अन्नाच्या, मग पांढऱ्या किंवा पिवळट फेसाच्या. त्यानंतर पातळ, घाण वासाचे जुलाब आणि बऱ्याचदा त्यांत रक्त. रक्त दिसल्यावर घरात धावपळ होते. तोवर हातातला सगळ्यात मोलाचा दिवस निघून गेलेला असतो.

एका दिवसाने काय बिघडतं, याचं उत्तर वजनकाट्यावर आहे. दोन महिन्यांचं पिल्लू तीन किलोचं धरा. त्याच्या अंगातून ३०० मिली पाणी गेलं, म्हणजे आपला दीड पेला, तर वजनाच्या दहा टक्के पाणी गेलं. एवढी घट मोठ्या कुत्र्यालाही आडवं करते. चार उलट्या आणि तीन जुलाब इतकं काम सहज उरकतात. त्यातच पिल्लाच्या यकृतात साखरेचा साठा थोडा असतो. खाणं थांबलं की काही तासांत रक्तातली साखर खाली येते. पॉमेरेनियन, चिवावा अशा लहान चणीच्या जातींत तर फारच लवकर. मोठ्या कुत्र्याने एक वेळ जेवण टाळलं तर दुसऱ्या दिवसापर्यंत थांबायला हरकत नसते. पिल्लाच्या बाबतीत ‘उद्या बघू’ हा माझ्या मते सगळ्यात महागडा निर्णय.

आता पिल्लू खरंच आजारी आहे की नुसतं झोपाळू, हे ओळखायचं कसं? या वयाची पिल्लं दिवसाचे अठरा-वीस तास झोपतात. झोपेत पाय झाडतात, ओठ थरथरवतात, बारीक आवाज काढतात, आणि नवख्या घरात त्यालाच झटके समजून घबराट होते. झोपेवरून फार काही कळत नाही. जाग आल्यावर ते काय करतं, ते पाहावं. निरोगी पिल्लू उठलं की आधी मुततं, मग खायला शोधतं, मग कुणाची तरी चप्पल धरतं. या क्रमात खंड पडला, विशेषतः आवडीचं खाणं समोर असून तोंड फिरवलं, तर त्याला हातात घेऊन नीट तपासायचं.

पहिली जागा हिरड्या. वरचा ओठ उचला. हिरडी गुलाबी, ओलसर, बोटाला बुळबुळीत लागली पाहिजे. बोटाने दाबली की पांढरी पडते, आणि सोडल्यावर दोन सेकंदांच्या आत रंग परत यायला हवा. हिरडी चिकट किंवा कोरडी लागली तर अंगातलं पाणी कमी झालं आहे. पांढुरकी दिसली तर रक्त कमी आहे किंवा रक्ताभिसरण ढासळतं आहे. पिवळी म्हणजे कावीळ. मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडण्याची परीक्षा सगळ्यांना माहीत असते, पण रोडावलेल्या पिल्लाची कातडी पाणी पुरेसं असतानाही सावकाश बसते, आणि गुबगुबीत पिल्लाची पाणी कमी असतानाही झटकन बसते. हिरडीवर जास्त भरवसा ठेवावा. काही पिल्लांच्या हिरड्या जन्मतः काळ्या असतात. तिथे खालच्या पापणीच्या आतला भाग पाहावा.

नाकाचं मात्र सोडून द्यावं. ओलं नाक म्हणजे तब्येत ठणठणीत आणि कोरडं म्हणजे ताप, ही समजूत घरोघरी पक्की आहे आणि ती निरुपयोगी आहे. झोपून उठलेल्या पिल्लाचं नाक कोरडंच असतं. पार्व्हो झालेल्याचं ओलं असू शकतं. ताप पाहायचा तर थर्मामीटरनेच, आणि तोही गुदद्वारात. साधा डिजिटल थर्मामीटर, टोकाला थोडं व्हॅसलीन. कुत्र्याचं एरवीचं तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट, म्हणून आपल्या हाताला ते नेहमी गरमच लागतं. १०३ च्या वर ताप. उलट्या-जुलाब चालू असलेल्या पिल्लाचं तापमान ९९ च्या खाली गेलं, कान आणि पंजे गार लागले, तर ‘ताप उतरला’ म्हणून हायसं वाटून घेऊ नका. ती तापापेक्षा वाईट खूण आहे. शरीर हार मानू लागलं आहे.

डोळे न उघडलेल्या तान्ह्या पिल्लाचा हिशेब वेगळा. पहिल्या आठवड्यात त्याचं तापमान ९५ ते ९९ अंशच असतं आणि स्वतःला ऊब देणं त्याला जमत नाही. आई वाहनाखाली आली, पिल्लं उरली, ती कुणी दयाळू माणसाने घरी आणली आणि लगेच बाटलीने दूध पाजलं: यात दूध पाजण्याची घाई पिल्लाला मारते. गार पडलेल्या पिल्लाचं आतडं चालत नाही. दूध पोटात तसंच राहतं किंवा श्वासनलिकेत जातं. आधी ऊब द्यावी, फडक्यात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली किंवा स्वतःचं अंग, आणि सावकाश, तासाभरात. मग दूध. तेही गाईचं नुसतं नको. कुत्रीच्या दुधात गाईच्या दुधाच्या दुपटीहून अधिक प्रथिनं आणि चरबी असते, आणि दुधातली साखर कमी. गाईचं दूध पिल्लाला पुरत नाही आणि वर जुलाब लावतं. औषधांच्या दुकानात पिल्लांसाठीची दूधपावडर मिळते. दूध-बिस्किटांवर वाढवलेल्या मोठ्या पिल्लांनाही जुलाब होतात ते बरेचदा याच कारणाने, आणि आहार बदलला की थांबतात.

म्हणजे प्रत्येक पातळ शी पार्व्हो नसते. खेळणारं, खाणारं, डोळ्यांत चमक असलेलं पिल्लू एकदा-दोनदा पातळ हगलं तर तो जंतांचा किंवा खाण्यातल्या बदलाचा परिणाम असण्याची शक्यता मोठी. गोल जंत तर पिल्लू जन्माला येतानाच घेऊन येतं, कारण त्यांच्या अळ्या गर्भात असतानाच आईकडून येतात. पोट ढोलकं, बाकी अंग काटकुळं, केस राठ, हे जंतांचं ठरलेलं रूप. अंकुशकृमी आईच्या दुधातून येतात आणि आतड्याला चिकटून रक्त पितात. पांढुरक्या हिरड्या आणि काळपट शी दिसली की आधी त्यांचा संशय घ्यावा. म्हणून जंताचं औषध दुसऱ्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी, वजनाप्रमाणे द्यायचं असतं. दोन महिन्यांचं पिल्लू घरी येऊन कुणी ‘अजून लहान आहे, नंतर देऊ’ म्हणत असेल तर उशीर होऊन गेला आहे. त्यावर लसूण चारण्याचा उपाय सांगणारे भेटतील. कांदा-लसूण कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात. आधीच रक्त कमी असलेल्या पिल्लाला ते देणं म्हणजे आगीत तेल.

डोळ्यांतून आणि नाकातून घट्ट पिवळट पू, खोकला, ताप, अशी सुरुवात असेल तर डिस्टेंपर मनात आणावा. तो हवेतून, शिंकांतून पसरतो. पिल्लू आठ-दहा दिवसांत बरं झाल्यासारखं वाटतं, आणि काही आठवड्यांनी जबडा चघळल्यासारखा हलू लागतो, एखादा पाय ठेक्यात उडत राहतो. तिथून परतणं अवघड. गोचिडांच्या तापात हिरड्या पांढऱ्या पडतात, लघवी गडद होते, कधी नाकातून रक्त येतं. पावसाळ्यात उंदरांच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस येतो, त्यात कावीळ दिसते, आणि तो माणसालाही होतो. हे सगळं रक्त तपासल्याशिवाय घरी ओळखता येत नाही, ओळखण्याचा खटाटोपही करू नये.

एका बाबतीत मात्र घरच्यांनीच सावध असायला हवं. पिल्लाचा खालचा जबडा लोंबतो आहे, लाळ गळते आहे, गिळता येत नाही, आवाज बदलला आहे. पाहणाऱ्याला वाटतं, घशात हाड अडकलं. आणि तो तोंडात हात घालतो. रेबीजमध्ये गळ्याचे आणि जबड्याचे स्नायू लुळे पडतात तेव्हा नेमकं हेच चित्र दिसतं, आणि विषाणू लाळेत असतो. पिल्लू लहान आहे, चावरं नाही, एवढ्याने ते रेबीजमुक्त ठरत नाही. रस्त्यावरून आणलेल्या, लस न झालेल्या पिल्लाचा दात किंवा लाळ जखमेला लागली तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस सुरू करायची. पावसाळ्यात पिल्लाने बेडूक समजून भेक तोंडात धरला तरी अचानक फेस येतो, पण तो धडधाकट पिल्लाला एकाएकी येतो आणि तोंड ओल्या फडक्याने पुसत राहिलं की बहुधा ओसरतो. शंका असेल तर हात न घालणंच बरं.

दवाखान्यात पोचेपर्यंत काय करावं? फार थोडं. उलट्या होत असलेल्या पिल्लाच्या तोंडात सिरिंजने ओआरएस, ताक, हळदीचं पाणी किंवा डाळिंबाचा रस ओतू नये. ते उलटतं तरी किंवा फुप्फुसात जातं तरी. त्याला गुंडाळून उबेत ठेवावं. लडखडत असेल, डोळे फिरवत असेल तर हिरडीवर मध किंवा साखरेच्या पाकाचं बोट फिरवावं, तेवढी साखर तिथूनच थोडीफार लागू पडते. घरातली पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेनची गोळी अजिबात नको. आयबुप्रोफेनने पिल्लाच्या पोटात व्रण आणि मूत्रपिंडाला इजा होते. माणसांची जुलाब थांबवणारी गोळीही नको. विष्ठेचा नमुना छोट्या डबीत घ्यावा किंवा निदान फोटो काढावा, आणि शेवटचं खाणं, पहिली उलटी, शेवटची लघवी कधी झाली ते लिहून न्यावं. घरातल्या चार जणांनी चार वेळा सांगितल्यावर डॉक्टरांच्या हाती काही लागत नाही. दुसरं काय पोटात गेलं असेल तेही सांगावं: चॉकलेट, बेदाणे, शुगर-फ्री च्युइंगगम, उंदरांचं औषध. गणपतीतल्या पंचखाद्यातल्या मनुकाही कुत्र्याच्या मूत्रपिंडाला विषारी ठरू शकतात, हे फार घरांत माहीत नसतं.

विष्ठेची पार्व्हो चाचणी काही मिनिटांत होते, पण ती अगदी सुरुवातीला खोटी निगेटिव्ह येऊ शकते. विषाणू मारणारं औषध नेहमीच्या दवाखान्यात नाही. उपचार म्हणजे शिरेतून सलाईन, उलटी थांबवणारं इंजेक्शन, जिवाणूंसाठी अँटिबायोटिक, साखर आणि पोटॅशियमचं प्रमाण राखणं. पोटाला आराम म्हणून तीन-चार दिवस उपाशी ठेवण्याची जुनी पद्धत आता मागे पडली आहे. उलट्या आवरताच थोडं थोडं मऊ अन्न दिलं तर आतड्याचं अस्तर लवकर भरून येतं. उपचाराविना दहांतलं एखादं पिल्लू वाचतं. वेळेत आणि नीट उपचार मिळाले तर दहांतली आठ-नऊ. पहिले तीन-चार दिवस काढले की बहुतेक पिल्लं तरतात. मोठ्या शहरांत चोवीस तासांचे दवाखाने असतात. शिवाय परळ, नागपूर, शिरवळ, परभणी, उदगीर इथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं आहेत, आणि तालुक्याच्या गुरांच्या दवाखान्यातही सलाईन लावता येतं. रॉटवायलर आणि डॉबरमन पाळणाऱ्यांनी जास्त जागरूक राहावं, या जातींना पार्व्हो अधिक जोराने गाठतो.

‘लस घेतली होती तरी झाला’ ही तक्रार दर हिवाळ्यात ऐकू येते. बहुतेकदा ती खरी असते. पिल्लाला पहिल्या चिकातून आईची प्रतिपिंडं मिळतात. ती सहाव्या ते सोळाव्या आठवड्यादरम्यान हळूहळू संपतात, प्रत्येक पिल्लात निरनिराळ्या वेगाने. संपता संपता असा काळ येतो की रोग अडवायला ती अपुरी पडतात, पण लशीतला विषाणू निकामी करायला पुरेशी असतात. त्या दोन-तीन आठवड्यांत टोचलेली लस वाया जाते आणि पिल्लू उघडं राहतं. कोणत्या पिल्लाचा हा काळ कधी, ते बाहेरून दिसत नाही. त्यामुळे सहा-आठ आठवड्यांना पहिला डोस देऊन दर तीन-चार आठवड्यांनी लस द्यायची, आणि शेवटचा डोस सोळा आठवड्यांचा किंवा त्यापुढचा ठेवायचा, असा क्रम पाळतात. विक्रेत्याने हातात ठेवलेल्या पुस्तिकेवरचं एक स्टिकर म्हणजे लसीकरण नव्हे. विकण्याच्या आदल्या दिवशी टोचलेल्या सुईला काम करायला वेळही मिळालेला नसतो. विकत आणलेलं पिल्लू घरी आल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी आजारी पडलं तर लागण बहुधा विक्रेत्याकडेच झालेली असते. नवं पिल्लू आणल्यावर पहिल्या दोन दिवसांत डॉक्टरांना दाखवावं ते याचसाठी.

लसीकरण पूर्ण होईपर्यंत पिल्लाला घरात कोंडून ठेवायचं का? नाही. याच वयात ते जग ओळखायला शिकतं, रिक्षाचा आवाज, लहान मुलं, पाऊस. कडेवर घेऊन फिरवावं. इतर कुत्री जिथे हगतात त्या जमिनीवर मात्र ठेवू नये.

घरात पार्व्होचं पिल्लू होतं तर फिनाइलने फरशी पुसून भागत नाही. या विषाणूला स्निग्ध आवरण नाही, त्यामुळे साबण, सॅनिटायझर आणि बरीचशी जंतुनाशकं त्याला काही करत नाहीत, आणि सावलीतल्या मातीत तो महिनोन्‌महिने टिकतो. आधी घाण पूर्ण धुवून काढायची, मग साधं ब्लीच एकास तीस प्रमाणात पाण्यात मिसळून किमान दहा मिनिटं फरशीवर राहू द्यायचं. वाडगे, दोरी, चपलांचे तळ यांनाही तेच. गादी, सतरंजी टाकून द्यावी. अंगणातली माती धुता येत नाही, म्हणून पुढचे अनेक महिने त्या घरात येणारं पिल्लू सोळा आठवड्यांपुढचं आणि लशी पूर्ण झालेलं असावं. बरं झालेलं पिल्लूही सुमारे दोन आठवडे विष्ठेतून विषाणू टाकत राहतं. तेवढे दिवस त्याला सोसायटीच्या बागेत न नेता त्याची विष्ठा पिशवीत बांधून कचऱ्यात टाकावी, आणि तब्येत सावरली की डिस्टेंपर आणि रेबीजच्या लशींची तारीख घ्यावी; पार्व्हो होऊन गेल्याने त्या दोन रोगांपासून त्याला कसलंही संरक्षण मिळालेलं नसतं.